बर्फाच्या कप्प्यातल्या नळ्या

गाईडबाईंना नमस्कार,

मी तुमच्या विद्यार्थिनीची आई. मॅट्रिकपर्यंतच शिकले आहे, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या प्रयोगशाळेचा फ्रीझर बंद पडला आणि दुरुस्तीचा अर्ज तीन महिने कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. म्हणून लेकीने दोन वर्षं जमवलेल्या पानांच्या अर्काच्या नळ्या आमच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात आणून ठेवल्या. "आई, हा बंद करू नकोस हं," असं बजावून ती परिषदेला गेली. मी चार दिवस बहिणीकडे निघाले आणि दार ओढण्याआधी वीस वर्षांच्या सवयीने घरातली सगळी बटणं बंद केली.

परत आल्यावर तिने कप्पा उघडला. नळ्यांतला सगळा अर्क वितळून नासला होता. ती ओरडली नाही. "जाऊ दे गं, तुझी काटकसर आमच्या कचेरीला शिकवायला हवी," म्हणाली आणि हसली. ते हसू माझ्या काळजातून जात नाही.

तुम्हाला तिने सांगितलं की हलगर्जी तिचीच. तुम्ही म्हणालात, हिच्या अंगी संशोधकाची शिस्त नाही. प्रबंधाच्या मुदतवाढीच्या कागदावर तुमची सही झाली नाही. आता ती औषधांच्या दुकानात उभी असते.

बाई, ही पोर अंगात ताप असतानाही नोंदवही लिहायला बसायची.

मी तुमच्याकडे यायला निघालेही होते. तिने मला देवासमोर शपथ घातली. म्हणाली, "तुला कोणी बोललेलं मला सोसणार नाही."

म्हणून हे पत्र देवापुढेच ठेवते. त्याला सगळं ठाऊक आहे. कळायला हवं होतं ते तुम्हाला.

तुमच्या विद्यार्थिनीची
अपराधी आई