फराळ तळ्यावर आहे

मनोरमा,

देवळातून आलीस की घर रिकामं दिसेल, घाबरू नकोस. शरयू आणि विजू माझ्याबरोबर वडाळे तळ्यावर आहेत. फराळाचे डबेही आम्हीच नेलेत.

पहाटे मुलांच्या आंघोळी झाल्यावर मी अंगणात कारीट ठेवलं, तर विजू ते फोडेना. म्हणाला, "आजी, मोंबासाला आम्ही हिरवा टोमॅटो फोडतो आणि मग आई फराळ समुद्रावर नेते." मी म्हटलं, "असली थेरं पनवेलात चालायची नाहीत." तू नुसता पंचा पिळत राहिलीस.

तू गेल्यावर शरयूने सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी तिकडे कारीट मिळेना, म्हणून तू टोमॅटो आणलास. घरी बोलवायला ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून किनाऱ्यावर जाऊन बसलात. आता तिथे वीस-वीस माणसं तुझ्या चकल्यांची वाट बघतात. सात वर्षांत पत्रातून हे मला कुणी कळवलं नाही. मीही कधी विचारलं नाही म्हणा.

मग बाजारातून टोमॅटो आणले. पहिला मीच फोडला. बिया थेट माझ्या नव्या लुगड्यावर उडाल्या आणि पोरं हसून लोळली.

दामोदर न्हाव्याकडे दाढीला गेलाय, तो आला की त्यालाही घेऊन ये, आणि चहाची किटली आण.

पुढच्या दिवाळीला तुम्ही तिकडे असाल. त्या सकाळी मीही डबा घेऊन तळ्यावर जाईन. म्हणजे आपण सगळे पाण्याकाठीच असू.

आई