आंबिवलीच्या बांधावरचे गवत

हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माझा धाकटा भाऊ धाकू आणि मुलगी जनी यांची आधी माफी मागतो. मी पोपट दौलत केणे, वय एकाहत्तर, राहणार वर्तकनगर, ठाणे. शिक्षण चौथीपर्यंत. तीस वर्षे एका कारखान्याच्या बागेत माळी होतो. माझे डोके ठिकाणावर आहे, कुणाचा धाक नाही, कसली नशा नाही. अक्षर वाकडे आहे ते हात कापतो म्हणून. वकील म्हणाले, चालते. तरी काळजी वाटते, म्हणून प्रत्येक पानावर सही केली आहे.

एक. वर्तकनगरची खोली, भांडी आणि पोस्टाचे पुस्तक जनीचे. तिची आई रंगूबाई गेल्यापासून विठ्ठलवाडीहून येऊन तिनेच माझे केले. जावईबापूंनी खिडकीतले अकरा डबे हलवू नयेत. त्यांचे पुढे लिहिले आहे.

दोन. गवत कापायची मोठी कात्री, झारी आणि दोन खुरपी सोसायटीच्या बागेला. पहार मात्र धाकूची. ती आमच्या वडिलांची, वाटणीत त्याच्याकडे गेलेली. मी न विचारता उचलून आणली. त्याची बायको चंद्रभागा विचारायला आली तेव्हा तिच्या तोंडावर, माझ्याकडे नाही म्हणालो.

तीन. आंबिवलीची शेती. हे कलम नीट वाचावे.

आमच्या दोघांच्या हिश्श्यांमध्ये वडिलांनी वाळ्याची रांग लावली होती, भेंडीच्या झाडापासून विहिरीपर्यंत. वाळा बी सांडून पसरत नाही, लावला तिथेच राहतो. म्हणून आमच्याकडे हद्दीला तोच लावत. १९८३ साली मी तो उपटला. कारखान्यात साहेबांनी नर्सरीतून एक परदेशी गवत आणले होते. जांभळट तुरे, मांजराच्या शेपटीसारखे मऊ. त्याच्या पाटीवरचे नाव मला वाचता येत नव्हते, पण येणारे-जाणारे थांबून बघत. मला वाटले, आपल्याही बांधावर अशी शोभा हवी. गावाला दिसू दे, पोपट कुठे काम करतो ते.

धाकू बांधावर उभा राहून म्हणाला, "दादूस, ढोरा खात नाय, पेंढी बांधाला येत नाय, मंग ह्या काय देवाला वाहाचा?" मी म्हणालो, "तुला बागेतले काय कळते?"

त्या गवताचे बी वाऱ्यावर उडते. दोन वर्षांत ते धाकूच्या शेतात चार हात आत गेले. मुळे उथळ, माती धरीना. पंच्याऐंशीच्या पावसात बांध वाहून गेला. नवा घालताना मी म्हणालो, गवत आहे तिथे बांध. धाकू म्हणाला, "गवत चालत आला, दादूस. बांध नाय चालत." सरकारी मोजणी मागू म्हणाला, तर मी सही दिली नाही आणि बांध गवताच्या कडेनेच घातला. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. नऊ वर्षे झाली. रंगूबाईच्या दहाव्याला तो आला, लांब बसला, न जेवता गेला.

गेल्या मार्गशीर्षात मी एकटा आंबिवलीला गेलो. धाकू घरी नव्हता. त्या गवताच्या पोटात, भांडणात धाकू हद्द दाखवत होता अगदी त्याच ओळीत, वडिलांच्या वाळ्याचा एक ठोंब जिवंत होता. मूळ नखाने खरवडले, वास आला. मी तिथेच खाली बसलो. मग तीन फुटवे काढून फडक्यात गुंडाळले आणि कुणाला न सांगता परत आलो. त्यांचेच आज अकरा डबे झाले आहेत.

म्हणून लिहून देतो की, नव्या बांधाच्या आत माझ्याकडे आलेली ती चार हात पट्टी विहिरीपर्यंत धाकूची आहे. ती मी देत नाही, ती त्याचीच होती. माझा उरलेला हिस्सा जनीचा. तिने हद्दीवरून काकाशी शब्द काढू नये.

चार. सोसायटीच्या फाटकाशी तेच परदेशी गवत मीच लावले आहे. तुरे पिकण्याआधी कापावेत, गड्डे मुळासकट खणून सिमेंटवर वाळवून जाळावेत. तिथे वाळा, गवती चहा आणि डोंगरावरचे पवना गवत लावावे. सेक्रेटरी बाबुराव मला म्हणाले, "काका, वाळ्याला कसली शोभा? लोक म्हणतील माळी मेला." मी म्हणालो, "एक पावसाळा थांबा. वारा सुटल्यावर बघा." माझ्या नावाची पाटी लावू नये.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातले काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

सही: पोपट दौलत केणे
साक्षीदार: १. बाबुराव गणपत साळवी २. आनंद रामा तरे
ठाणे, २४ एप्रिल १९९४

ही नक्कल धाकूस पोस्टाने:
मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, ते मला ठाऊक आहे. पण वाळा आषाढात लावावा लागतो आणि यंदाचा चुकला तर माझा पुढच्या आषाढाचा भरवसा नाही. डबे जनी आणील. पहार मी आणतो. खड्डे तू दाखवशील तिथेच घेऊ. जुनी ओळ तुझ्या लक्षात आहे, मला तुझ्या तोंडून ऐकायची आहे. येऊ की नको, एवढे एका कार्डावर कळव. नको असेल तरी कळव, पण लवकर.