जाळीत न ओतलेल्या तेलाचे काय करावे, याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
पावसाळी पाणी निचरा विभाग,
नगर कार्यालय.

विषय : रस्त्याकडेच्या जाळीत ओतायचे थांबवलेले काळे तेल, रंग व औषधे आता कुठे न्यावीत, याबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, उत्तर नाही. (२) अर्जदारास आलेली आपली नोटीस. ही मात्र वेळेवर पोचली.

महोदय,

मागचा अर्ज "हे पत्र झालं बाई, अर्ज नाही, सारखं मी-मी कसलं?" असे म्हणून खिडकीवरून परत करण्यात आला. म्हणून आता रीतसर लिहीत आहे. अर्जदार कळवते की :

१. अर्जदार तळ्याकाठी राहते व बदके पाळून अंडी विकते. रस्त्याकडेच्या पावसाच्या पाण्याच्या जाळ्या थेट या तळ्यात उघडतात. मधे कुठेही पाणी गाळले जात नाही. वरच्या वळणावर अर्जदाराच्या धाकट्या दिरांचे गॅरेज आहे. गाड्यांतून काढलेले जुने तेल ते दारातल्या जाळीत ओतत. हटकले की म्हणत, "वहिनी, पाऊस आला की जातं सगळं वाहून." कुठे जाते, हे त्यांच्या कधी मनातही आले नाही.

२. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी तळ्यावर तेलाचा तवंग पसरला. बदकांची पिसे चिकटली, त्यांना तरंगता येईना. बदक पाण्यात बुडताना आपण पाहिले नसेल. अर्जदाराने पाहिले. कळवल्यावर आपल्याकडून एक गृहस्थ आले, तळ्याचा फोटो काढला आणि बदके आपल्या विभागात बसत नाहीत, असे सांगून गेले.

३. तेव्हा अर्जदाराने उरलेली बदके टोपलीत घालून गॅरेजात नेली आणि तिथेच, मधोमध, साबणाच्या पाण्यात एकेक धुवायला बसली. भांडण केले नाही. भांडायला अंगात त्राणही नव्हते. दीर हातातला पाना खाली ठेवून आले. मग बाह्या सारून समोर बसले आणि म्हणाले, "द्या ते इकडे, वहिनी. पंखाखाली राहिलंय अजून." त्या दिवसापासून त्यांच्या जाळीत तेलाचा थेंब गेलेला नाही. तेल पिंपात साठते.

४. खरी तक्रार येथून सुरू होते. पिंप भरले. कचऱ्याच्या गाडीवाल्याने हात लावायला नकार दिला. दिरांना घेऊन अर्जदार आपल्या खिडकीवर आली, तर उत्तर मिळाले, "द्या ना जाळीत सोडून, पाऊस नेईल." दिरांनी वळून अर्जदाराकडे पाहिले. चूक आपल्या कार्यालयाची, मान मात्र अर्जदाराची खाली गेली. ते पुन्हा जुन्या वाटेला लागू नयेत म्हणून पिंप अर्जदाराने स्वतःच्या अंगणात ठेवून घेतले. ते पाहून रंगारी उरलेला रंग व टर्पेंटाइन घेऊन आला. शेजारच्या मावशींनी ढेकणांचे औषध आणले. "तूच सांगत होतीस ना गं, जाळीत टाकू नका म्हणून?" सांगत होती, खरेच. मग परत कुणाला पाठवायचे? आता अंगणात पाय ठेवायला जागा नाही. बदके घरात आहेत आणि स्वयंपाक त्यांना ओलांडत होतो.

५. अशात आपली नोटीस आली : विनापरवाना घातक पदार्थांचा साठा, त्वरित हलवावा. कुठे हलवावा, ते नोटिशीत लिहिलेले नाही. परवाना मागितला तर घराच्या अंगणासाठी तो मिळत नाही, असे सांगण्यात आले. जाळीत ओतणाऱ्याला आजवर नोटीस गेली नाही. न ओतणाऱ्यांचे सांभाळणारीला आली. महोदय, अंगण उताराला आहे. एक जोराचा पाऊस झाला की पिंपे आडवी होतील आणि इतक्या जणांनी मन घट्ट करून न ओतलेले सगळे एका दुपारी तळ्यात जाईल.

सबब, येत्या सोमवारी अर्जदार व तिचे दीर हा सर्व साठा हातगाडीवर घालून आपल्या कार्यालयाच्या दारात आणत आहेत. आरडाओरडा होणार नाही. आपण स्वतः खाली यावे आणि कुठे ठेवायचे ते दाखवावे, तिथे ठेवू. रंगारी, मावशी आणि वळणावरची इतर मंडळीही बरोबर येणार आहेत, नको म्हटले तरी ऐकत नाहीत. आजवर ती अर्जदाराच्या शब्दावर थांबली आहेत. आता त्यांना आपला शब्द ऐकायचा आहे.

थकलेली, तरीही आपली नम्र,

(सही)
तळ्याकाठची बदकवाली

दिनांक : शुक्रवार, नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी

सोबत : नोटिशीची प्रत, वळणावरच्या रहिवाशांच्या सह्या.