प्रमाण डोळा

२ मार्च १९३६
यंत्र तयार. न्हाव्याकडची जुनी फिरती खुर्ची, पापणीवर रबराची डबी, तिच्यातून नळी, नळीच्या टोकाला काडी. डोळा हलला की काजळी धरलेल्या कागदावर काडी रेघ ओढते. चक्कर येणाऱ्याचं निदान आता बेळगावात. मुंबईच्या कॉन्फरन्सला पेपर वाचणारच.

३ मार्च
आधी कॅलिब्रेशन. सौ.नं भिंतीवर कुंकवाचे दोन ठिपके लावून दिले. निरोगी माणसानं एकेका ठिपक्याकडे पाहायचं, त्याच्या रेघेवरून माप ठरवायचं. निरोगी माणूस शोधायला लांब कशाला जायचं? मी आहे की.

५ मार्च
ठिपक्यावर नजर रोखून बसलो, तरी रेघ करवतीसारखी. काडीत दोष.

९ मार्च, सकाळी
काडी बदलली. रबर बदललं. करवत कायम. भिंतच हलत असणार, गवंडी लबाड. सौ. म्हणते, तुम्ही हल्ली जिना उतरताना कठडा सोडत नाही. हिला शास्त्रात लुडबुड करायची भारी हौस.

२१ मार्च
तोडगा सापडला. माझी रेघ हेच प्रमाण. बाकीच्यांची तिच्याशी ताडून पाहायची. सोपं होतं, उगाच डोकं शिणवलं.

२ एप्रिल
अनगोळचा भरमा, कौलं शाकारणारा, कानातला मळ काढायला आला. खुर्चीत बसवला. रेघ सपाट! म्हणजे बिघाड भयंकर. छपरावर चढलास तर मरशील, म्हणून बजावलं. म्हणतो, लई वर्सं चढतोय, कवा पाय घसरला न्हाय. बिचारा.

११ एप्रिल
कंपाउंडर, शेजारच्या जयाबाई, खुद्द सौ. सगळ्यांच्या रेघा सपाट. गावात साथ आहे आणि कुणाला पत्ता नाही. फार काळजी वाटते. सौ.ची जास्त.

२७ एप्रिल
पावसाळ्याआधी कौलं नीट करायला सौ.नं नेमका भरमालाच बोलावला. खाली ये म्हणून ओरडलो, ऐकेना. त्याला वाचवायला मीच शिडी चढलो. शिडी डगमगली. शेवटी त्यानंच मला काखेत धरून खाली आणलं. शिडी घट्ट बांधली होती, असं आता सगळ्यांना सांगत सुटलाय.

२९ एप्रिल
सौ.नं हरिभाऊला आणलं. माझा मेडिकल कॉलेजातला मित्र, कॅम्पात प्रॅक्टिस करतो. यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक बोट धरलं, म्हणाला, याच्याकडे बघ. मी म्हटलं, आधी बोट स्थिर धर. सौ.नं तोंडाला पदर लावला. मग तो हळूच म्हणाला, रघुवीर, बोट स्थिरच आहे.