शंभरातले चौपन्न

नाशिक,
१४ जुलै २००३

आदरणीय आक्कास,
रवीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन केला असता, पण पायल शेजारीच बसलेली असते आणि तिचे कान तिखट आहेत. तिचा रक्ताचा कर्करोग उलटला. औषधांनी पुन्हा आटोक्यात आलाय, पण आता मूळ पेशींचं प्रत्यारोपण केल्याशिवाय भागणार नाही, असं इथले डॉक्टर म्हणतात. दिनेशच्या पेशी बहिणीशी जुळल्या. तेव्हापासून आमचे चिरंजीव कॉलर ताठ करून फिरतात.

प्रश्न दवाखान्याचा आहे. दक्षिणेतल्या एका ठिकाणी प्रत्यारोपणानंतर वर्षभराने शंभरातले अठ्ठ्याहत्तर रुग्ण जिवंत असतात, मुंबईतल्या एका ठिकाणी चौपन्न. अंबडच्या कंपनीत माल तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. ज्याचं रिजेक्शन कमी, त्याचा माल घ्यायचा, एवढं मला कळतं. तेव्हा दक्षिणेत नेतो. तू उभं आयुष्य नर्स म्हणून काढलंस, म्हणून विचारतो. खरं सांगायचं तर भीती वाटते.

लोभ आहेच, सध्या तो पायलच्या वाट्याला जास्त येऊ दे.
तुझा,
रवी


पुणे,
१९ जुलै २००३

चि. रवीस,
आक्काचा सप्रेम जयभीम.

स्वतःच्या लग्नात मांडवाचे खांब ओळंबा लावून तपासणारा माणूस तू, आणि या वेळी अर्धीच तपासणी केलीस. किती जगले ते विचारलंस, कुणाला घेतात ते विचारलंस का? काही ठिकाणी आजार पहिल्या औषधांतच आटोक्यात आलेले रुग्णच घेतात. उलटलेला आजार दारातूनच परत जातो, आणि जो आत गेलाच नाही तो आकड्यातही येत नाही. दोन्हीकडे एकच विचार, पायलसारख्यांतले किती जगतात?

भीती वाटते हे लिहिलंस ते बरं केलंस. मलाही वाटते. वहिनीला वेळेवर जेवायला लाव.

सर्वांना माया, दिनेशला कॉलरसकट.
तुझी,
आक्का


नाशिक,
८ ऑगस्ट २००३

आदरणीय आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दक्षिणेत जाऊन आलो. पायलची फाइल पाहून डॉक्टरांनी सभ्यपणे सांगितलं की उलटलेला आजार ते घेत नाहीत. मुंबईवाले घेतात. त्यांच्याकडे निम्मे रुग्ण तसेच असतात, आणि अशांतले शंभरी बेचाळीस वर्ष काढतात, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

आमच्या कंपनीत साधं काम एका व्हेंडरला जातं, अवघड कास्टिंग दुसऱ्याला. दरवर्षी कमी रिजेक्शनची ढाल पहिल्यालाच मिळते, आणि शिफारस माझी असते. तरी मुलीच्या वेळी हे डोक्यात आलं नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईला निघतो. तुझी भावजय बेचाळीस ऐकून रडली. पायलला सगळं आधीच ठाऊक होतं. तुझं पत्र पोस्टमनकडून तिनंच घेतलं आणि वाचूनच माझ्या हातात दिलं.

आशीर्वाद पाठीशी ठेव.
तुझा,
रवी


नाशिक,
३ ऑक्टोबर २००४

आदरणीय आत्यास,
पायलचा सप्रेम जयभीम.

प्रत्यारोपणाला वर्ष झालं. केस परत आलेत, पण कुरळे. दिनेश म्हणतो त्याच्या पेशींचा गुण, आणि त्याचे स्वतःचे तर सरळ आहेत.

मुंबईला माझ्यासोबत सटाण्याची रोशनी होती, तिचाही आजार उलटलेला. डॉक्टर रोज सकाळी कसं वाटतंय विचारायचे, ती रोज अहिराणीत 'बरी शे' म्हणायची, ताप असला तरी. जानेवारीत ती गेली. बाबा सटाण्याला जाऊन आले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून टक्के हा शब्द मी ऐकलेला नाही.

परवा वर्षाच्या तपासणीला गेलो. कसं वाटतंय विचारल्यावर मी 'बरी शे' म्हणून गेले. डॉक्टरांनी फाइलमध्ये नोंद केली. मग म्हणाले, या वर्षीच्या जिवंत रुग्णांत माझी मोजणी झाली.

मला वाटलं, बाबा आता नवा आकडा विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं की त्या शंभरात रोशनीलाही धरलंय ना.

डॉक्टर हो म्हणाले. मग आम्ही नाशिकची गाडी धरली.

तुझी माया अशीच असू दे, अजून लागणार आहे.
तुझी,
पायल