सवतीची पाठवणी

आई, आज दुपारी जेवून जरा आडवी झाले होते. लग्नसराई आहे, आमच्या पालघरच्या गल्लीतून रोज कुणाची ना कुणाची वरात जाते. आज नवरदेवाला आणायला निघालेला घोडा खिडकीखालून रिकामाच चालला होता. टापांचा आवाज कानात आला आणि मी अर्धवट झोपेत म्हणाले, "आई, बाबा आले, ताट घे." सुनेने आतून विचारलं, "कुणाशी बोलताय?" काय सांगणार तिला? झोप उडाली, पण आवाज काही कानातून जाईना. म्हणून कागद घेऊन बसले. तुला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की पोस्टमनला ओट्यावर बसवायचीस, त्याच्याकडून वाचून घ्यायचीस, आणि संध्याकाळपर्यंत आपलं पत्र नवापूरभर झालेलं असायचं. आता ती भीती नाही, म्हणून मनातलं लिहिते.

घोडी आपल्याकडे आली तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका आणि पापण्या इतक्या लांब की तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "ही डोलं मारते." बाबा बोईसर स्टेशनवरून टांगा हाकायचे. कारखान्यांच्या कामाला आलेली माणसं, अणुशक्तीच्या वसाहतीतले पाहुणे, बाजार करून परतणाऱ्या आपल्याकडच्या बायका, सगळ्यांना घेऊन त्यांच्या खेपा चालायच्या. संध्याकाळी घरी आले की ते आधी घोडीला पाणी दाखवायचे, तिचे पाय चोळायचे, मग आत यायचे. तू चुलीपुढून ऐकवायचीस, "माजे पाय दुकतात ते कोनाला दिसत नाय. सवतीचे बरे चेपून देतात." बाबा हसायचे. त्यांचं हसणं गुळाच्या खड्यासारखं होतं, तोंडात बराच वेळ राहायचं.

तेव्हापासून ती सवतच झाली. "सवतीला चंदी घातली का?" "सवत खोकते, बघा जरा." तू तिला हात म्हणून लावला नाहीस. पण तिच्या चंदीतले हरभरे तूच निवडायचीस, खडे काढून, आमच्या डाळीपेक्षा नीट. बाबा मात्र तिला "बाय" म्हणायचे. आता आपल्या पट्ट्यात लेकीलाही बाय म्हणतात आणि परक्या बाईलाही, त्यामुळे मीही बायच होते. बाबांनी अंगणातून "बाय गे" अशी हाक घातली की मी दारातून आणि घोडी खुंट्यावरून, दोघी एकदम मान वळवायचो. कधीकधी डोळे मिटले की मला तेच दिसतं. सुरूच्या झाडांमागे समुद्र उजळलेला आहे, वाऱ्याला सुक्या बोंबलांचा वास आहे, आणि कुणीतरी हाक मारतंय. ती हाक कुणाला आहे ते अजून ठरलेलं नाही.

बाबा काविळीने गेले. मी दहावीला होते. घरात माणसं येत होती, रडत होती, चहा पिऊन जात होती. घोडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काका वैरण टाकत होते, पण ती जेमतेम तोंड लावायची, मान रस्त्याकडे करून उभी असायची. बाबांचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी जागी झाले तर तू अंथरुणात नव्हतीस. अंगणात बघते तर बादली घेऊन तू तिच्यासमोर उभी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझा हात तिच्या मानेवर होता. "पी गे सवती," तू म्हणत होतीस. "तू बी गेलीस तर मी भांडू कोनाशी?" तिने बादलीत तोंड घातलं, आणि पाणी पिताना ती जो आवाज करायची तो ऐकून मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडू आलं.

काका म्हणाले, टांगा-घोडी विकून टाकू. तू म्हणालीस, "सवत माजी हाय. तिचा काय करायचा ते मी बघीन." आणि खरंच हाकायला बसलीस! बाईमाणूस, त्यात कपाळ मोकळं, आणि हातात लगाम. लोक बघायला उभे राहिले. घोडी मात्र हलेना. तू चुचकारलंस, लगाम झटकलास, काही नाही. तिला बाबांचं "चल बाय" ऐकायची सवय, आणि ते तुझ्या तोंडून निघेना, तो शब्द त्यांचा होता. शेवटी तू वैतागून ओरडलीस, "चल गे सवती!" आणि ती निघाली. तिला काय, ती तो शब्द वर्षानुवर्षं चुलीपुढून ऐकतच आली होती.

इतर टांगेवाले मासळीच्या पाट्या घ्यायचे नाहीत, गादीला पाणी लागतं म्हणून. तू गादीच काढून टाकलीस. मग पहाटे दांडीच्या आणि आपल्या नवापूरच्या कोळणी तुझ्या टांग्यात, बाजूला पापलेटं, कोलंबी, खाली ठिबकणारं खारं पाणी, आणि सगळ्या रस्ताभर हसणं. "सरका गो, सवतीसवतींची गाडी आली!" "यांचा जमलाय तसा आमचा जमला असता तर नवऱ्याला दुसरी आनून दिली असती." सुट्टीच्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसायचे. धुक्यात घोडीचे फक्त कान दिसायचे, बाकी घोडी धुक्यातच असायची. त्या दोन कानांमागून आपण सगळ्या चाललो आहोत, रस्ता संपतच नाही, असं मला अजून स्वप्नात दिसतं.

आता माझ्या लग्नाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. माझी ओटी आत्याने भरली. तू मागच्या खोलीत वडे तळत बसली होतीस. मी आत आले, म्हणाले, "तू भर ना ग एकदा, सगळ्यांच्या नंतर." तू झारा खाली ठेवलास, पण उठली नाहीस. "माजा हात नको. तुजा नवा संसार हाय." मी तशीच बाहेर पाटावर येऊन बसले. त्या दिवशी सगळ्यांनी भरली, शेजारणींनी, कोळणींनी, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती त्यांनी. पदर जड झाला होता, खांदा ओढला जात होता, आणि मला आपलं वाटत होतं की त्यात काहीच नाही.

पालघरच्या गाडीसाठी मला बोईसरला तूच सोडलंस, त्याच टांग्यातून. मी मागे, शेजारी नवरा, आणि पुढे तुझी पाठ. सगळा रस्ता मला तुझी पाठच दिसत होती. लेकीची पाठवणी करताना आई रडते म्हणतात, तू रडलीस की नाही ते मला कळलं नाही. स्टेशनवर उतरल्यावर तू घोडीचं तोंड पुसत राहिलीस. तिच्या तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

पुढची वर्षं भरभर गेली. सहा सीटच्या रिक्षा आल्या, फटफटत, धूर सोडत. कोळणीही त्यात जायला लागल्या, त्यांचं काय चुकलं, बाजार लवकर गाठायला हवा. रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक वाढले. एका सकाळी नाक्यावर सांडलेल्या तेलावरून घोडी घसरली, पुढचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. तुझेही गुडघे तेव्हा धरलेलेच होते. "दोगींचे एकदम गेले," तू मला सांगितलंस, जसा काही दोघींनी नवस बोलला होता. मी म्हणत होते, पालघरला चल. तू म्हणायचीस, "आनि हिला कुठं ठेवू? तुज्या गॅलरीत?" आमची दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. काकांनी वीटभट्टीवाला बघून ठेवला होता. तू त्याला अंगणातूनच परत पाठवलंस. तिने आयुष्यभर ओढलं, आता शेवटी विटा ओढणार नाही, एवढंच तुझं म्हणणं होतं, आणि त्यावर तू अडून बसलीस.

शेवटी वाट काढली गवतवाल्या म्हाताऱ्याने. मनोरच्या पलीकडच्या डोंगरपट्टीतला तो, दर हंगामात गवताचे भारे घेऊन यायचा. घोडी त्याच्या भाऱ्यांवरच वाढली म्हण ना. तो म्हणाला, "माजे माळावं गवत लय हाय बाय. खाईल, बसून ऱ्हाईल. काम नाय सांगनार." तू त्याला पुन्हा पुन्हा विचारलंस, काम नाय ना, ओजा नाय ना. मग न्यायला कधी येणार ते विचारलंस.

दसरा होऊन गेला होता. मी आदल्या संध्याकाळी आले होते, घोडी गेली की तुला घेऊन जायचं म्हणून. सकाळी तू तिला न्हाऊ घातलंस, आयाळ विंचरलीस. म्हातारा दोरी घेऊन ओट्यावर बसला होता. मग तू आतून सूप घेऊन आलीस. तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड, खण, हळदकुंकवाचा करंडा. मी बघतच राहिले. "आई, हे काय?"

"पाठवनी हाय. रिकामी कशी धाडू?"

म्हातारा हसला. "घोडीला पदर कुठं हाय बाय?"

तू परत आत गेलीस आणि ट्रंकेतलं हिरवं लुगडं घेऊन आलीस. बाबा गेल्यापासून तू ते उघडलं नव्हतंस. ते घोडीच्या पाठीवर टाकलंस, एक टोक पुढे खांद्यावर घेतलंस. तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याला हळद लावलीस, कुंकू लावलंस. आणि ओंजळीने तांदूळ भरायला लागलीस. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझा हात नको ना कुणाला लागायला?"

तू वर बघितलं नाहीस. "आमी दोगी एकाच दिशी रांडावलो," तू म्हणालीस. "एकीनं दुसरीची भरली तर त्यात कोनाचा काय जातंय?"

म्हाताऱ्याने डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं. मी खांबाला टेकले. थट्टेतला शब्द तू इतकी वर्षं खरा धरून चालली होतीस, हे मला तेव्हा कळलं. घोडीने मात्र मान वळवून पदराची गाठ हुंगली, ओठांनी सोडवली, आणि आपलीच ओटी खायला लागली. तांदूळ अंगणभर सांडले. तू हसलीस, डोळे पुसत हसलीस, आणि तिच्या गळ्यात पडलीस. तिच्या कानात काहीतरी बोललीस. ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

निघताना म्हाताऱ्याने विचारलं, "तिला चालवाया काय म्हनायचा?" तू लाजलीस. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, तू पोरीसारखी लाजलीस. "काय नाय. तुमी म्हनलेला बरा दिसनार नाय. बायको घरात घेनार नाय तुमाला." तो दोरी धरून निघाला. घोडी मुकाट गेली, हिरवं लुगडं पाठीवर घेऊन, थेट वडाच्या वळणापर्यंत. तिथे थांबली. त्याने ओढलं, चुचकारलं. ती मान मागे करून आपल्या अंगणाकडे बघत होती. कितीतरी वेळ गेला. मला वाटलं, आता परत येते, आणि बरं होईल आली तर, राहू देत तिला, राहू देत आईलाही इथेच.

तेव्हा तू अंगणाच्या टोकापर्यंत गेलीस आणि सगळ्या जोराने ओरडलीस, "चल गे सवती!"

ती चालायला लागली. वळणावर हिरवं दिसलं, मग वडाचं हिरवं आणि ते हिरवं एकच झालं.

नंतर तू माझ्याकडे राहिलीस. टापांचा आवाज नाही म्हणून तुला झोप यायची नाही. मग एके दिवशी तो म्हातारा पत्ता विचारत जिना चढून आला, म्हणाला, माळावरच गेली, गवतात, बसल्या जागी. तू त्याला चहा दिलास, त्याची विचारपूस केलीस, तो गेल्यावर न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलंस. घरातलं माणूस गेल्यावर घेतात तसं. मी टॉवेल घेऊन बाहेर उभी होते.

आता तूही जाऊन इतकी वर्षं झाली. हे पत्र मी घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन, दुसरं कुठे टाकणार? पण एक राहिलं. घोडी गेल्यावर तू आत चुलीपाशी जाऊन बसलीस, तेव्हा मी अंगणात होते. सांडलेले तांदूळ कोंबड्या टिपायच्या आत मी वेचले. मूठभरही नव्हते. त्यात माती होती, घोडीची लाळ होती. ते मी पदराच्या टोकाला बांधले आणि तुला न सांगता पालघरला आणले. तू झोपल्यावर त्यांचा भात केला, जेमतेम दोन घास झाला, आणि एकटीने खाल्ला. ओटीचे तांदूळ जिचे तिनेच खायचे असतात, तूच शिकवलं होतंस.

शिजवण्याआधी मी ते धुतले नव्हते, आई. तुझ्या हाताचं काही निघून गेलं असतं तर?