कशासाठी हवंय?

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? वहिनी लिहिते की, कोपऱ्यावर काचेची दारं लावलेलं हार्डवेअरचं मोठं दुकान झाल्यापासून आपल्या दुकानाकडे सुतारसुद्धा फिरकेनासे झालेत. फिरकतील कसे? माणूस चार स्क्रू मागतो आणि तू विचारतोस, कशासाठी हवेत, लाकूड कुठलं, आधी भोक पाडलंय का. परवा एकाला म्हणे परतच पाठवलंस, कारण त्याच्या दाराला ती बिजागरी झेपणार नव्हती. अरे, तो गिऱ्हाईक आहे की आरोपी?

बाबांनी दुकान दोघांच्या नावावर केलं, म्हणून बोलते. मोठ्या दुकानवाल्यांना आपला गाळा विकत हवाच आहे. तीन महिने तोंडाला कुलूप घाल, मागेल ते दे. तरीही चाललं नाही तर विकून टाकू. या वयात प्लायवूड उचलणारा तुझा गुडघा मला दुकानापेक्षा प्यारा आहे.

लोभ आहेच, तो रागासकट गोड मानून घे.

तुझी,
धाकटी

११ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कुलूप घातलं. विक्री खरंच वाढली, तुझी वहिनी खूश आहे. पण गेल्या आठवड्यात एक नवराबायको साधं प्लायवूड कापून घेऊन गेले. मापं थेट बेसिनखालच्या कपाटाची. तिथे साधं प्लाय वर्षभरात फुगतं, हे मला ठाऊक, आणि मी गप्प! दोन दिवस जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी भरदुपारी दुकान बंद केलं, पाण्याला टिकणारं प्लाय हातगाडीवर घातलं आणि बिलावरचा पत्ता शोधत त्यांचे चार मजले चढलो.

पाहतो तर काय, पुस्तकांचं कपाट! दोघं पोट धरधरून हसले, मीही हसलो. मग बाई म्हणाल्या की आलाच आहात तर सांगा, ही फळी वाकेल का. वाकणारच होती. मध्ये टेकू द्यायला सांगितला. त्या अर्ध्या तासात, तीन महिन्यांत पहिल्यांदा, आपण दुकानदार आहोत असं वाटलं.

घरी येता येता ठरवून टाकलं. मी मुका राहिलो तरच दुकान चालणार असेल, तर ते आता मोठ्या दुकानवाल्यांनीच चालवावं. विक्रीच्या कागदांवर सही केलीय, सोबत पाठवतोय. तुझी तेवढी कर. गुडघ्याचं विचारू नकोस.

माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कागद पोचले. पेन घेऊन बसले, पण सही करवेना. मागे लागले होते मीच! दुकान चालत नाही म्हणून विकलं असतं, तर चार दिवस वाईट वाटून संपलं असतं. पण माझ्या शहाणपणापायी तू आपल्याच दुकानात परका झालास, हे सोसत नाही. चुकलं माझं.

आता एवढं ऐक. प्लायवूड मोठ्या दुकानाकडे जाऊ दे, त्यांना अर्धा गाळा भाड्याने दे. उरलेल्यात स्क्रू, बिजागऱ्या, सरस, पॉलिशपेपर ठेव आणि येईल त्याला पोटभर प्रश्न विचार. विक्री घटेल. घटू दे.

कागद फाडून टाकलेत. बाबांच्या मागे माझी उलटतपासणी घेणारं एकच माणूस उरलंय, आणि मी त्यालाच गप्प करायला निघाले होते.

चूक पोटात घाल, लोभ वाढव.

तुझीच,
धाकटी